‘यू’ एकटा असला, तरी ‘आर’ काहून?



इंग्रजीच्या तासाला मुलं प्रश्नच विचारत नाहीत, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. मला तसं वाटत नाही. मुलं विचारतात, पण त्यांच्या बोलीत विचारतात, आणि म्हणून आपल्याला तो प्रश्न व्याकरणाचा वाटत नाही. “सर, यू एकच मानूस हाय, त मंग आर काहून?” हा सहावीतल्या एका पोराचा प्रश्न. ‘ही’ एक, म्हणून ‘इज’. ‘दे’ अनेक, म्हणून ‘आर’. मग समोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाला ‘यू आर’ का? ‘इंग्रजीत तसंच असतं, पाठ कर’ असं म्हणून पुढे जाता येतं. पण पोराने नियम शिकला होता, तो लावून पाहिला होता, आणि कुठे बसत नाही ते दाखवलं होतं. शिकणं म्हणतात ते हेच.

आमचं करडी हे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं गाव. सगळा धानाचा मुलूख. मुलाच्या घरी झाडीबोली, पुस्तकात प्रमाण मराठी, टीव्हीवर आणि बाजारात हिंदी. सन २००० पासून राज्यातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे सहा वर्षांच्या लेकरासमोर इंग्रजी येतं ते दुसरी भाषा म्हणून नाही, चौथी म्हणून. त्यात कोणी त्याला सांगतं, ‘तुझी बोली गावठी, तिच्यामुळे तुझं इंग्रजी बिघडतं.’ मग ते पोरगं दोन्हीकडून गप्प होतं.

इतक्या वर्षांच्या वह्या तपासून माझं मत उलटं झालं आहे. मुलाच्या इंग्रजीतल्या पुष्कळशा चुका या मराठी व्याकरण अगदी बरोबर लावल्यामुळे होतात. ती चूक दुरुस्त करायची तर मुलाच्या मनातलं मराठी वाक्य आधी दिसायला हवं. खाली नेहमी येणारे काही प्रश्न घेतले आहेत. आपल्या वर्गातही ते येतच असतील.

१. ‘यू’ आणि ‘आर’

याचं उत्तर आपल्या ‘तुम्ही’मध्ये आहे. आपण पाहुण्याला एकट्यालाच म्हणतो, “तुम्ही कधी आलात?” माणूस एक, क्रियापद अनेकवचनी. हा मान आहे. इंग्रजीतही पूर्वी ‘तू’साठी ‘दाऊ’ असा वेगळा शब्द होता आणि ‘यू’ हा ‘तुम्ही’साठी होता. पुढे मानाने एकट्यालाही ‘यू’ म्हणायला लागले. हळूहळू सगळ्यांनाच ‘यू’ झालं आणि रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ गेला. शब्द एकट्यासाठी वापरू लागले, पण त्याच्या मागचं ‘आर’ तसंच राहिलं. मुलांना मी एवढंच सांगतो, “इंग्रजीत ‘तू’ नाही. सगळेच ‘तुम्ही’. मास्तरही तुम्ही, बैलही तुम्ही.” मुलं हसतात आणि विसरत नाहीत.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘माय फादर हॅव कम’. यात चूक कुठून आली? “माझे बाबा आले आहेत.” मराठीत बाबांना अनेकवचन द्यावंच लागतं. मुलाने तो मान इंग्रजीत नेला. त्याला सांगावं, इंग्रजीत हा मान फक्त समोरच्याला, ‘यू’ला. ज्याच्याबद्दल बोलतो तो राष्ट्रपती असला तरी ‘ही हॅज’. बाबांचा अपमान होत नाही, भाषेची रीतच तशी आहे. हे सांगितलं नाही, तर मुलाला ‘ही’ म्हणताना खरंच अवघड वाटतं, कारण त्याच्या कानाला ते ‘तो आला’ असं ऐकू येतं.

२. ‘मी’, ‘ही’ आणि ‘शी’

हा गोंधळ फक्त कानाचा आहे, पण खालच्या वर्गांत फार होतो. इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे ‘मला’. मराठीतला ‘मी’ म्हणजे ‘आय’. म्हणून मूल बिनधास्त म्हणतं, ‘मी गो टू स्कूल’. तसंच ‘ही’. मराठीत ‘ही माझी बहीण’, म्हणून ‘ही इज माय सिस्टर’. मूल बहिणीला पुरुष करत नसतं, ते मराठी ‘ही’ म्हणत असतं. आणि ‘शी’ म्हटलं की अर्धा वर्ग नाक मुरडून हसतो. हसू द्यावं. मग फळ्यावर दोन रकाने करावेत: मराठीचा ‘मी’ आणि इंग्रजीचा ‘मी’, मराठीची ‘ही’ आणि इंग्रजीचा ‘ही’. आवाज एक, माणसं वेगळी. एकदा समोरासमोर ठेवलं की गोंधळ कमी होतो. वेगवेगळ्या तासांना वेगवेगळं शिकवलं की तो राहतोच.

३. ‘एस’ अनेकांचा की एकाचा?

“सर, बॉइजमधे एस म्हंजे लय पोट्टे. मंग ही प्लेजमधे एस काहून? तो त एकटाच खेलून राहिला.” हाही बिनतोड प्रश्न. उत्तर असं की हे दोन ‘एस’ वेगळे. नामाचा ‘एस’ म्हणजे अनेक, क्रियापदाचा ‘एस’ म्हणजे ‘तो, ती किंवा ते एकटं’. प्रमाण मराठीत क्रियापद प्रत्येक कर्त्यासाठी रूप बदलतं: मी जातो, तू जातोस, ते जातात. जुन्या इंग्रजीतही अशी वेगवेगळी रूपं होती. ती बहुतेक झडली आणि साध्या वर्तमानकाळात हा एक ‘एस’ तेवढा उरला. म्हाताऱ्याच्या तोंडात उरलेला एक दात म्हणा ना!

लहान मुलांसाठी एक खूण: ‘एस’ एकच आहे, तो वाटून घ्या. ‘बॉइज प्ले’मध्ये तो कर्त्याकडे गेला, ‘बॉय प्लेज’मध्ये क्रियापदाकडे. ही खूण ‘मेन’, ‘चिल्ड्रन’ अशा शब्दांपाशी मोडते, कारण ते ‘एस’शिवायच अनेकवचनी आहेत. तेही लगेच सांगून टाकावं. खूण कुठे मोडते हे माहीत असलं की मूल त्या खुणेवर जास्त विश्वास ठेवतं.

४. ‘आय ॲम गो’ आणि आपलं ‘जाऊन राहिलो’

‘आय ॲम गो टू स्कूल’ ही चूक मुलाच्या बोलीतून आलेली नाही, आपल्या शिकवण्याच्या क्रमातून आली आहे. पहिली वाक्यं कोणती शिकवली जातात? ‘आय ॲम अ बॉय’, ‘आय ॲम इन क्लास थ्री’. मुलाच्या डोक्यात ‘आय ॲम’ हा एकच शब्द बसतो, त्याचा अर्थ ‘मी’. मग पुढे जे येईल ते त्याला चिकटतं. यासाठी ‘आय गो, आय ईट, आय प्ले’ ही वाक्यंही ‘आय ॲम’च्या सोबतच सुरू करावीत, महिन्याभराने नाही.

आता गंमत ऐका. आपण शिकवतो, ‘मी जातो’ म्हणजे ‘आय गो’ आणि ‘मी जात आहे’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’. मुलं पाठ करतात. पण आमच्याकडे ‘मी जात आहे’ असं घरात कोण म्हणतं? विदर्भात आम्ही म्हणतो, ‘मी जाऊन राहिलो’, ‘तो जेवून राहिला’, ‘काय करून राहिली?’ पुण्या-मुंबईकडचे लोक याला हसतात. मात्र याच रूपात इंग्रजीचा चालू काळ अगदी स्पष्ट आहे. ‘जातो’ हे रोजचंही असू शकतं आणि आत्ताचंही: ‘बरं, मी जातो.’ पण ‘जाऊन राहिलो’ म्हणजे आत्ता, या क्षणी, काम चालू. तेच ‘ॲम गोइंग’. ‘जेवून राहिला होता’ म्हणजे ‘वॉज ईटिंग’. मुलांना मी सांगतो, “‘राहिलो’ आलं की ‘इंग’ आलं.” मग ‘आय ॲम गो’ त्यांनाच खटकायला लागतं, कारण त्यात ‘ॲम’ आहे आणि ‘राहिलो’ अर्धंच आहे.

याच कसोटीने मोठ्या माणसांचीही एक सवय तपासता येते. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.’ हे वाक्य आपण अर्जांत, भाषणांत, मुलाखतींत ऐकतो. घरच्या बोलीत विचारून पाहा: ‘मले दोन भाऊ असून राहिले’ असं कोणी म्हणेल का? नाही. भाऊ असणं ही चालू असलेली क्रिया नाही, ती स्थिती आहे. म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. कसोटी सगळीकडे चालते असं मात्र नाही. आमच्याकडे ‘समजून राहिलं का?’ सर्रास म्हणतात, पण इंग्रजीत तिथे ‘डू यू अंडरस्टँड?’ हेच नीट. बोली पुलासारखी आहे. नदी ओलांडून देते, पण पलीकडचा रस्ता आपल्यालाच चालावा लागतो.

५. ‘डिड’ आला की ‘वेंट’ का नको?

‘ही डिड नॉट वेंट.’ मनातलं वाक्य: ‘तो गेला नाही.’ मराठीत भूतकाळ ‘गेला’मध्ये आहे, ‘नाही’ला काळ नाही. मुलाने ‘गेला’ म्हणजे ‘वेंट’ आणि ‘नाही’ म्हणजे ‘डिड नॉट’ असं शब्दाला शब्द ठेवलं. आता त्याला दुसरं मराठी वाक्य द्या: ‘तो जात नव्हता.’ इथे भूतकाळ ‘नव्हता’ने उचलला आहे आणि ‘जात’ कोरा आहे. ‘गेला नव्हता’ म्हटलं तर अर्थच बदलतो. ‘डिड नॉट गो’ची बांधणी ‘जात नव्हता’सारखी आहे, अर्थ मात्र ‘गेला नाही’चा. काळाचं ओझं एकानेच उचलायचं. ‘डिड’ने उचललं की ‘गो’ मोकळा.

“पण सर, डू म्हंजे करणे ना? मंग डू यू लाइक मँगो म्हंजे आंबा आवडणे करतो का?” नाही. इथे ‘डू’चं काम फक्त प्रश्न उभा करणं आणि काळ सांभाळणं. आपला ‘का’ वाक्याच्या शेवटी येऊन प्रश्न करतो: ‘तुला आंबा आवडतो का?’ इंग्रजीचा ‘डू’ सुरुवातीलाच येऊन करतो. ‘का’ शेपटीला, ‘डू’ तोंडाशी. ‘यू लाइक मँगो?’ असं आवाज चढवून विचारलेलं समोरच्याला कळतं, बोलण्यात चालूनही जातं. लिहिताना मात्र ‘डू’ हवा.

आणखी एक: ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे.’ मराठीत ‘मी त्याला काल पाहिलं आहे’ असं बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत वेळेवर बोट ठेवलं, म्हणजे काल, सोमवारी, २०१९ मध्ये असं म्हटलं, की ‘हॅव’ बाजूला होतो आणि साधा ‘सॉ’ येतो. वेळ सांगायची नसेल, फक्त पाहिलं आहे एवढंच सांगायचं असेल, तर ‘हॅव सीन’.

६. ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’

मराठीत आर्टिकल नाही असं आपण शिकवतो, आणि मुलांना ते चंद्रावरचं वाटतं. पण गोष्ट सांगताना आपण काय म्हणतो? “एक राजा होता. राजाला दोन मुलं होती.” पहिल्या वाक्यात ‘एक राजा’, कारण ऐकणाऱ्याला तो अजून माहीत नाही. दुसऱ्या वाक्यात नुसता ‘राजा’, कारण आता तो ओळखीचा झाला. इंग्रजीत पहिला ‘अ किंग’, दुसरा ‘द किंग’. अनोळखी असताना ‘अ’, ओळख झाली की ‘द’. सगळे नियम यात येत नाहीत, पण शाळेतल्या निम्म्याहून जास्त गाळलेल्या जागा एवढ्यावर भरता येतात.

‘अ’ की ‘ॲन’ यासाठी तर देवनागरीसारखा मित्र नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की ए, ई, आय, ओ, यू आले की ‘ॲन’. मग मूल ‘ॲन युनिफॉर्म’ आणि ‘अ अवर’ लिहितं. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. म्हणून मी सांगतो, इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहा आणि पहिलं अक्षर बघा. स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. अंब्रेला: ॲन. युनिफॉर्म: ‘य’ आला, म्हणून अ. अवर: ॲन. ऑनेस्ट मॅन: ॲन. वन-रुपी कॉइन: ‘व’ आला, अ. एमएलए: ॲन. एक्स-रे: ॲन. जी लिपी इंग्रजीच्या आड येते असं म्हणतात, ती इथे इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा जास्त सरळ उत्तर देते.

७. शब्द निवडताना

आमच्याकडे हमखास येणारा प्रश्न: “राइस म्हंजे धान का तांदूर का भात?” शेतात उभं आहे ते धान, भरडून निघतो तो तांदूळ, शिजला की भात. इंग्रजीत तांदूळही राइस आणि भातही राइस. धानासाठी ‘पॅडी’ आहे, आणि तो शब्दही मूळचा इंग्रजीचा नाही, मलायी भाषेतून गेलेला आहे. ज्यांच्या रानात जे पिकतं, त्यांच्या तोंडी त्याचे शब्द असतात. पऱ्हे, रोवणी, बांधी हे शब्द आमच्या मुलांना पाठ करावे लागत नाहीत. इंग्रजीत ते लांबण लावून सांगावं लागतं. म्हणून इंग्रजीत शब्द सापडला नाही, तर तो मुलाचा कमीपणा नाही.

उलटही आहे. आपल्या ‘पाया’ला इंग्रजीत दोन शब्द: घोट्याच्या वर ‘लेग’, खाली ‘फूट’. आपलं ‘बोट’ हाताचंही आणि पायाचंही. इंग्रजीत ‘फिंगर’ आणि ‘टो’. आणि आपले चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, बहिणींसकट, सगळे इंग्रजीत एकट्या ‘कझिन’मध्ये. म्हणूनच आपण ‘कझिन ब्रदर’ म्हणतो. नुसत्या ‘कझिन’ने भाऊ की बहीण ते कळत नाही, आणि आपल्याला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

‘से’ आणि ‘टेल’ यांत मराठी थेट मदत करते. ‘टेल’ म्हणजे सांगणे, ‘से’ म्हणजे म्हणणे. सांगणं कोणाला तरी असतं: ‘त्याने मला सांगितलं’, ‘ही टोल्ड मी’. म्हणण्याला तो ‘कोणाला’ नसला तरी चालतो: ‘तो म्हणाला’, ‘ही सेड’. म्हणून ‘ही सेड मी’ नाही. तिथे मध्ये ‘टू’ लागतो.

‘टुडे मॉर्निंग’ हे ‘आज सकाळी’चं भाषांतर; इंग्रजीत ‘धिस मॉर्निंग’. ‘येस्टरडे नाइट’ म्हणजे ‘काल रात्री’. इंग्रजीत ‘लास्ट नाइट’. ‘मला भूक लागली’, ‘मला राग आला’, ‘मला इंग्रजी येतं’ यांत भूक, राग, इंग्रजी आपल्याकडे चालत येतात. इंग्रजीत माणूसच कर्ता होतो: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम अँग्री’, ‘आय नो इंग्लिश’. मुलाने ‘इंग्लिश कम्स टू मी’ लिहिलं तर आधी त्याचं मराठी चांगलं आहे हे ओळखावं.

आणि निघताना ‘येतो’ म्हणण्याची आपली रीत! मुलगी वर्गाबाहेर जाताना म्हणते, ‘सर, आय ॲम कमिंग.’ आपल्याकडे ‘जातो’ म्हणणं बरं समजत नाहीत, म्हणून ‘येतो’. इंग्रजीत तिने ‘आय ॲम लीव्हिंग’ म्हणावं. ही चूक व्याकरणाची नाही, ते घरचं वळण आहे. दुरुस्त करतानाही ते वळण चांगलं आहे हे तिला सांगावं.

८. मग ‘प्रिपोन’ चूक की बरोबर?

हा प्रश्न शिक्षकच जास्त विचारतात. ‘पोस्टपोन’च्या धर्तीवर आपल्या देशात रुळलेला ‘प्रिपोन’ आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे, भारतीय वापर अशा नोंदीसह. म्हणजे आपण घडवलेले काही शब्द इंग्रजीने घेतले. म्हणून मी दोन टोपल्या करतो. एका टोपलीत वाक्याची मोडतोड: ‘डिड वेंट’, ‘ही गो’, ‘आय ॲम गो’. या दुरुस्त झाल्याच पाहिजेत. दुसऱ्या टोपलीत आपल्या देशाची चाल: ‘कझिन ब्रदर’, ‘प्रिपोन’. या बोलण्यात चालतील; परीक्षेत आणि परदेशी पत्रात काय लिहायचं ते मुलाला माहीत असावं. दोन्हीवर सारखाच लाल गोल मारला, तर मुलाला मोठी चूक कोणती तेच कळत नाही.

एक वही

रोवणीचे दिवस होते. एक वडील पायाचा चिखल नीट न धुताच शाळेत आले. हातात मुलाची वही. एका पानावर बारा लाल गोल. ते म्हणाले, “सर, याले शहरातल्या इंग्रजी शाळेत टाकतो म्हनतो. आमच्या घरच्या बोलण्यानंच याचं इंग्रजी बिघडते, असं सारेच म्हनतात. आमी घरी काय बोलाव जी?”

मी वही घेतली. वाक्य होतं, ‘टुडे मॉर्निंग माय फादर आर गो इन फार्म अँड ही डिड नॉट केम.’ मुलाला म्हटलं, “तुला काय म्हणायचं होतं ते घरच्यासारखं सांग.” तो म्हणाला, “आज सकाऱ्ही माहे बाबा वावरात गेले आन आले नाही.” मग आम्ही तिघांनी ते वाक्य शेजारी लिहिलं. ‘टुडे मॉर्निंग’ आलं ‘आज सकाळी’तून. ‘आर’ आला बाबांच्या मानातून. ‘इन’ आला ‘वावरात’च्या ‘त’मधून. ‘डिड नॉट केम’ आलं ‘आले नाही’मधून. पाचांतल्या चार चुकांना घरचा पत्ता सापडला. उरला एक ‘गो’. त्याचं ‘वेंट’ करायचं राहिलं होतं. वडिलांनी विचारलं, “म्हंजे याले मराठी येते म्हून हे चुकलं?” मी म्हटलं, “हो. आणि मराठी येतं म्हणूनच हे सुधारेल.”

मुलगा आमच्याच शाळेत राहिला. धाकटीला मात्र त्यांनी शहरातल्या शाळेत घातलं. ती रोज गाडीने जाते. तो त्यांचा निर्णय आहे आणि त्यामागची काळजी मला कळते. एवढं झालं, की घरी बोलीत बोलायला ते आता घाबरत नाहीत.

पूर्वी हे प्रश्न साहेबांना पडत होते

आज आपली मुलं इंग्रजीपुढे अडखळतात, तसे एकेकाळी इंग्रज मराठीपुढे अडखळत होते. ‘दगड’ तो का, ‘वीट’ ती का आणि ‘घर’ ते का, याला काय नियम सांगणार? मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली छापला गेला आणि १८५७ साली त्याची मोठी दुसरी आवृत्ती निघाली. त्यात नामांपुढे लिंग नोंदलेलं आहे, कारण शिकणाऱ्याला ते अंदाजाने कळत नाही. आमचं चार वर्षांचं पोर ते न विचारता बरोबर बोलतं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं, तेव्हा त्यांच्यासमोर संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही व्याकरणं होती. दोन भाषा शेजारी ठेवून बघायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आपण मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास यांच्यामध्ये भिंत बांधली, ती नंतरची.

शाळेत आणि घरी काय करता येईल

शिक्षकांसाठी एकच सूचना. निबंध तपासताना चुकलेल्या वाक्याखाली लगेच बरोबर वाक्य लिहू नका. मुलालाच मनातलं मराठी वाक्य लिहू द्या, त्याच्या बोलीत लिहिलं तरी चालेल. मग दोन्ही वाक्यांतले शब्द रेघांनी जोडायला सांगा. कुठे क्रम बदलला, कुठे शब्द जास्त आला, हे ते स्वतः दाखवतं. सुरुवातीला वेळ लागतो. आठवड्याला प्रत्येकी दोन वाक्यं झाली तरी पुरे आहेत.

पालकांसाठी: घरी मोडक्या इंग्रजीत बोलायची गरज नाही. मुलाशी भरपूर बोला, तुमच्या भाषेत, नीट आणि पूर्ण वाक्यांत. धानाचं सांगा, बाजाराचं सांगा, गोष्ट सांगा. वहीत लाल गोल दिसला तर ‘एवढंही येत नाही का?’ असं विचारू नका. ‘तुला काय म्हणायचं होतं?’ एवढंच विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. तुम्हाला इंग्रजी येत नसलं, तरी हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. बाकीचं काम आम्हा शिक्षकांचं.